लोकरीचा हत्ती आणि पिठाचा कोंबडा



संक्रांत सरली की आपल्या शेणव्यात थंडी संपल्यातच जमा होते. सह्याद्रीकडून येणारा पहाटेचा गार वारा थांबला, की स्वेटर, शाली, कानटोप्या पुन्हा पेटीत जातात. थंडी दोन महिन्यांची आणि लोकरीचे कपडे मात्र पेटीभर, अशी आपल्या बहुतेकींच्या घरची गत आहे. मुलांना तोकडे झालेले स्वेटर, सासऱ्यांचा लग्नातला कोट, धुऊन आटलेली शाल. फाटलेले नाही म्हणून टाकवत नाही आणि अंगात येत नाही म्हणून घालवत नाही.

गेली काही वर्षे आम्ही चारपाच जणी अशा कपड्यांतून लहान मुलांसाठी हत्ती, ससे, अस्वले शिवतो. त्यावर दोन प्रश्न नेहमी येतात. एक, लोकर आपल्याला चालते का? आणि दुसरा जास्त अवघड. जिवाचा आकार करायचा, त्यात सुई खुपसायची, पोटात बोळे भरायचे, यात दोष नाही का? उत्तर शोधता शोधता बराच जुना इतिहास हाती लागला. तो आज सांगते.

आधी लोकरीचा इतिहास, कारण ती आपल्या भागाला परकी नाही. पावसाळा संपला की नगर-पुण्याकडचे धनगर मेंढ्या घेऊन माळशेज घाटाने मुरबाडकडे उतरतात. भात निघालेल्या शेतात मेंढ्या बसवायच्या, शेतकऱ्याला खत आणि धनगराला धान्य, असा हा जुना व्यवहार. त्या दख्खनी मेंढ्यांची लोकर जाडीभरडी. सणगर लोक खड्ड्याच्या मागावर तिचे घोंगडे विणत आणि चिंचोक्याची खळ देऊन ते घट्ट करत. आपल्याकडे भातलावणीला डोक्यावर इरले नाहीतर घोंगडे असायचेच. एक घोंगडे वर्षानुवर्षे टिके. पांघरून विरले की अंथरायला, तेही झाले की गुरांच्या अंगावर. म्हणजे लोकरीचा कपडा टाकायचा नसतो हे आपल्या भागाला कोणी शिकवायला नको होते.

गिरणीची लोकर नंतर आली. कानपूरची लाल इमली १८७६ साली सुरू झाली, पंजाबातली धारिवालची गिरणी १८८० साली. आपल्या ठाण्यात १९२५ साली वाडियांची एक छोटी लोकरीची गिरणी उभी राहिली. ती ससून कंपनीकडे गेली आणि तिचे नाव रेमंड झाले. १९४४ साली लाला कैलाशपत सिंघानिया यांनी ती घेतली. तेव्हा तिथे जाडी स्वस्त ब्लँकेटे निघत. पुढे याच गिरणीच्या सुटाच्या कापडाने देशभरच्या नवरदेवांचे कोट शिवले. २००९ च्या सुमारास ठाण्यातली गिरणी बंद झाली. पण शहापूर-मुरबाडच्या किती तरी पेट्यांमध्ये ठाण्याचे ते कापड कोटाच्या रूपाने अजून घडी घालून ठेवलेले आहे.

स्वेटरची गोष्ट लुधियानाची, आणि त्यात आपल्या समाजाचा मोठा हात आहे. ओसवाल वूलन मिल्स १९४९ साली निघाली. १९६० च्या दशकात निघालेल्या दुसऱ्या एका ओसवाल कुटुंबाच्या गिरणीला वर्धमान हे नाव दिले गेले. विणायच्या लोकरीच्या गुंड्यांवर भगवंतांचे नाव वाचत आपल्यातल्या कितीतरी जणी विणायला शिकल्या. त्याच सुमारास कॅशमिलॉन आले. मऊ, रंगीत, स्वस्त आणि न आटणारे. ते लोकरीसारखे दिसते, पण लोकर नव्हे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे शिवताना लागेल.

आता जुन्या कपड्यांचे काय व्हायचे ते पाहू. सुती साडी गोधडीत जाई. गोधडी शिवून शिवून चिंध्या झाली की तिचे पोतेरे. लोकर मात्र गोधडीत घालत नसत, ती उसवत. जुना स्वेटर शिवणीतून सोडवायचा, धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून तिच्या सुरकुत्या काढायच्या आणि पुन्हा गुंडा करायचा. मोठ्याच्या स्वेटरातून धाकट्याचा, त्यातून बाळाचे मोजे. शेवटी धागा इतका झिजे की सुईवर तुटे.

उरलेल्या कपड्यांसाठी बोहारीण होती. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि खांद्यावर कपड्यांचे गाठोडे. एका स्टीलच्या डब्यासाठी तासभर घासाघीस चाले. तिने नेलेला शर्ट ती दुरुस्त करून, इस्त्री करून पुन्हा विकणार हे सगळ्यांना ठाऊक असे. आपण नुसती घासाघीस पाहिली. शहर आणि गाव यांच्यातला कापडाचा केवढा कारभार ती चालवते ते कुणी पाहिले नाही. पण आमच्याकडे येणारी बोहारीण स्वेटर दिसला की मान हलवायची. इथे थंडी किती, घेणार कोण?

देशभरच्या आणि परदेशातल्या अशा नकोशा लोकरीचे मोठे गाव म्हणजे पानिपत. मराठी माणसाला पानिपत म्हटले की १७६१ आठवते. आज त्याच गावात जुन्या लोकरी कपड्यांचे ढीग येतात. बाहेरून येणारे कपडे पुन्हा अंगात घालून विकले जाऊ नयेत म्हणून आधीच चिरलेले असतात. तिथे बाया त्यांची बटणे, चेन, अस्तर काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात. रंगांचे ढीग वेगळे असले की नव्याने रंगवावे लागत नाही. मग यंत्रात पिंजून त्याचे सूत आणि सुताची ब्लँकेटे होतात. भूकंप, पूर आला की मदतीच्या गाड्यांतून वाटली जाणारी करडी-तपकिरी ब्लँकेटे बहुधा याच जातीची. ही युक्ती मूळची इंग्लंडमधल्या बॅटली गावची. तिथे बेंजामिन लॉ याने १८१३ साली चिंध्या पिंजून नवे सूत काढले असे सांगतात. त्या कापडाला त्यांनी शॉडी म्हटले. पुढे त्या भाषेत शॉडी म्हणजे हलक्या प्रतीचे काम असा अर्थ रूढ झाला. जुन्यातून केलेले ते हलके, ही समजूत अशी भाषेतच जाऊन बसली.

कापसाचा किंवा लोकरीचा बोळा भरून केलेला प्राणी हा आपल्याकडचा जुना प्रकार नाही. आपल्याकडे चिंध्यांची बाहुली होती, लाकडाची ठकी होती, पोळ्याचे मातीचे बैल होते. कापडी प्राण्याचा बाजारातला जन्म जर्मनीतल्या गीन्गेन गावातला. तिथे १८४७ साली मार्गारेट श्टाइफ नावाची मुलगी जन्मली. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, पाय गेले, उजव्या हातातही जोर राहिला नाही. तरी ती शिवण शिकली आणि १८७७ साली तिने फेल्टच्या म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या कपड्यांचे दुकान काढले. १८८० साली तिने एका मासिकातल्या नमुन्यावरून त्याच फेल्टचा छोटा हत्ती शिवला, आत कोकराची लोकर भरली. तो होता टाचण्या खोचायला. घरातल्या पोरांनी तो पळवला आणि खेळणे केले. १८८६ पर्यंत असे पाच हजारांवर हत्ती विकले गेले. बायकांच्या शिवणाच्या टोपलीतून निघालेल्या या प्राण्याला खेळणे मुलांनी ठरवले, हे मला फार आवडते.

अस्वलाची गोष्ट १९०२ च्या नोव्हेंबरमधली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले होते. त्यांना अस्वल मिळेना, तेव्हा बरोबरच्या लोकांनी कुत्र्यांनी दमवलेले एक अस्वल झाडाला बांधून त्यांच्यापुढे केले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणे त्यांना मर्दुमकीचे वाटले नाही, त्यांनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन या चित्रकाराने त्यावर व्यंगचित्र काढले. ते पाहून ब्रुकलिनमधल्या मिश्टम नवराबायकोने कापडी अस्वल करून दुकानात मांडले आणि त्याला राष्ट्राध्यक्षांचे लाडके नाव दिले, टेडी. त्याच वर्षी मार्गारेटच्या पुतण्यानेही हातपाय हलणारे अस्वल तयार केले होते. टेडी बेअर तेव्हापासून जगभर गेला.

पण या गोष्टीचा शेवट बहुतेक ठिकाणी सांगत नाहीत. रूझवेल्ट यांनी गोळी झाडली नाही हे खरे, पण जखमी अस्वलाचे हाल संपवा म्हणून ते मारायलाच सांगितले. ते अस्वल काही सुटले नाही. चित्रात मात्र ते गोंडस पिल्लू झाले, आणि पुढे लाखो मुलांनी त्या पिल्लाला कुशीत घेऊन झोप काढली. आपल्या दृष्टीने ही दया अर्धीच. तरी त्या अर्ध्या दयेचेही लोकांना इतके अप्रूप वाटले की त्याचे खेळणे झाले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन आले, १९४१ पासून १९४९ पर्यंत. सरकारने १९४३ मध्ये जुने वापरा, दुरुस्त करा असे सांगणारी पुस्तिका काढली. बाजारात खेळणी मिळेनात तेव्हा आयांनी जुने कोट आणि ब्लँकेटे बेतून मुलांसाठी ससे, कुत्री शिवली. टाकाऊतून टिकाऊ हे शब्द आपले, पण काम जगभरच्या बायकांचे.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. माझी नात एकदा शिवण बघत बसली होती. मी हत्तीचे पोट शिवत होते. ती म्हणाली, "आजी, त्याला दुखत नाही?" मी म्हटले, "नाही गं, त्यात जीव नाही." तिने लगेच विचारले, "मग तो साखरेचा घोडा खाऊ नको म्हणून तू का रागावलीस? त्यात तरी कुठे जीव होता?"

प्रश्न बिनतोड होता. आपल्या बहुतेक घरांत प्राण्यांच्या आकाराची बिस्किटे, साखरेचे हत्तीघोडे मुलांना खाऊ देत नाहीत. याचे मूळ यशोधराच्या कथेत आहे. ही कथा दोन्ही संप्रदायांत आहे. हरिभद्रसूरींच्या समराइच्चकहामध्ये नावे थोडी निराळी आहेत. दिगंबर परंपरेत सोमदेवसूरींनी इसवी सन ९५९ मध्ये, दख्खनमध्ये राष्ट्रकूटांची सत्ता असताना, यशस्तिलक लिहून ती अजरामर केली.

उज्जयिनीच्या यशोधर राजाला संकट टळावे म्हणून त्याची आई चंद्रमती पशुबळी द्यायला सांगते. राजा नाही म्हणतो. आई हट्ट धरते. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करायचा आणि देवीपुढे तोच कापायचा असे ठरते. पिठाचा कोंबडा कापला जातो. रक्ताचा थेंब सांडत नाही. पण मायलेकांना त्याचे फळ सुटत नाही. दोघे विषप्रयोगाने मरतात आणि मोर, कुत्रा, मासा, बकरी, कोंबडा अशा कितीतरी जन्मांत एकमेकांच्या डोळ्यांदेखत मारले जातात. कोंबड्यात जीव नव्हता, पण हात उचलताना मनात बळीच होता. आपण द्रव्यहिंसा आणि भावहिंसा म्हणतो ती हीच. म्हणून साखरेचा घोडा खाताना मूल त्याचे डोके मोडते, पाय चावते, तिथे आपण थांबवतो. साखरेत जीव असतो असे आपण म्हणत नाही. मुलाच्या मनात मोडण्याची गोडी लागू नये एवढाच त्यामागे हेतू आहे.

मग हीच कसोटी लोकरीच्या हत्तीला लावा. आकार तिथेही जिवाचा, इथेही जिवाचा. तिथे आकार केला तो कापायला, इथे करतो तो सांभाळायला. मूल त्याला पांघरूण घालते, खाऊ भरवते, पडला तर उचलून फुंकर घालते. त्याला दुखत नाही का, हे विचारते. नातीचा तो प्रश्न म्हणजे अनुकंपाच होती. पिठाच्या कोंबड्याने भाव बिघडवला, लोकरीचा हत्ती भाव घडवू शकतो. पण तो आपोआप घडत नाही. मूल खेळणे आपटत असेल, मार त्याला म्हणून हसत असेल, आणि आपण कौतुकाने बघत असू, तर आपणही पिठाचाच कोंबडा शिवला असे समजावे. नातीला मी एवढेच सांगितले, की घोडा खायचा होता, हत्ती जपायचा आहे. तिला पटले.

भाषेचेही तसेच. आपल्या गुजराती भगिनी भाजी कापणे म्हणत नाहीत, शाक सुधारवुं म्हणतात. आम्हीही शिवताना डोके काप, पाय काप असे म्हणत नाही. शिंप्याचा चांगला शब्द आहे, बेतणे. कान बेतला, सोंड बेतली.

लोकर चालते का, याचे उत्तर सोपे आहे. आचारांग सूत्रात साधूंना कल्पणाऱ्या वस्त्रांत जंगिय म्हणजे लोकरीचे वस्त्र येते. आपल्या साधु-साध्वींचा ओघा लोकरीचा, कामळी लोकरीची, आपले सामायिकाचे आसनही बहुधा लोकरीचे. दिगंबर मुनी मोराची आपोआप गळलेली पिसे पिच्छीत घेतात, त्यामागेही जिवाला इजा न होता मिळालेले घ्यावे हाच विचार. आजच्या मोठ्या मेंढीपालनात मेंढ्यांचे हाल होतात, म्हणून नवी लोकर घेताना मनात शंका येणे योग्यच आहे. जुन्या स्वेटरला ती शंका नाही. त्यासाठी नव्याने एकही मेंढी भादरली जात नाही.

मात्र जुना कोट उसवताना नीट पाहा. बटणे शिंगाची किंवा शिंपल्याची असू शकतात. छातीच्या आतल्या कॅनव्हासमध्ये घोड्याचे किंवा बकरीचे केस असतात. ते खेळण्यात घालू नका. शिवायला रेशमाचा दोरा नको, सुती घ्या.

आता कृती. आधी पडिलेहण. कपडा उजेडात धरून शिवणी, खिसे, दुमडी पाहायच्या. कसर लागलेली असेल तर त्या कपड्याला गरम पाणी किंवा कडक ऊन दाखवू नका, हळुवार झटकून सावलीत वेगळा ठेवा. कसरीचे पतंग अंधारात, घामट लोकरीत अंडी घालतात. वर्षानुवर्षे न उघडलेली पेटी म्हणजे त्यांना आमंत्रण, आणि पुढे साफसफाईत विराधना ठरलेलीच. संग्रह कमी असेल तर ही वेळच येत नाही. अपरिग्रह आणि जीवदया इथे एकाच पेटीत भेटतात.

नंतर धागा तपासायचा. टोकाचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, आपोआप विझते आणि राख चुरगळते. कॅशमिलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. खरी लोकर गाळलेल्या गरम पाण्यात साबण घालून चोळली की तिच्या तंतूंवरची खवले एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून जाड, घट्ट होतो. एरवी आपण ज्याला स्वेटर बिघडला म्हणतो तेच इथे हवे आहे. असे कापड बेतले तरी कडा उसवत नाहीत. कॅशमिलॉन आटत नाही, त्याचे बारीक तुकडे आत भरायला वापरा.

पहिल्यांदा हत्तीच करा. कागदावर बाजूचा आकार काढून दोन तुकडे, पोटापायांसाठी मधला तुकडा, दोन कान. कडा बाहेरून काजाच्या टाक्याने जोडायच्या, पाय व सोंड ओढली जाते तिथे उलटी टीप. बाहीची विणलेली पट्टी सोंडेला छान बसते. आधी सोंड आणि पाय भरायचे, मग पोट. डोळ्यांना बटण किंवा मणी नको, लहान मूल तोडून गिळते. काळ्या सुती दोऱ्याने डोळे भरा. एका मोठ्या स्वेटरात दोन हत्ती आणि एक ससा निघतो.

आमचे प्राणी विकायला नसतात. घरची मुले, नातलगांची बाळे आणि वाडीवरच्या अंगणवाडीतली मुले यांना ते जातात. मी कॉमर्सची. हिशेबाच्या वहीत घसारा वजा होत होत किंमत शून्यावर आली की वस्तू संपली असे शिकले होते. घरातला हिशेब निराळा असतो. सासऱ्यांच्या कोटाची किंमत केव्हाच शून्य झाली आणि त्याचे अस्वल आता नातीच्या उशाशी असते. ज्यांना तिने पाहिले नाही त्यांच्या कोटाचे ते आहे, हे तिला माहीत आहे.

थंडी गेली आहे. पेट्या बंद करण्यापूर्वी जे कपडे दोन हिवाळे अंगाला लागले नाहीत ते बाजूला काढा. जे कोणाला घालता येतील ते आधी गरजूंना द्या, त्यांना थंडी आपल्यापेक्षा जास्त वाजते. जे कोणाच्याच अंगाचे नाहीत, आटलेले, तोकडे, कोपरात विरलेले, त्यांचाच हत्ती करा. शिवताना मूल जवळ बसवा, आणि त्याने काही विचारले तर हातातली सुई खाली ठेवून उत्तर द्या.

जय जिनेंद्र.